नवकाकरी: तीन लागले तरी हरता येतं, मी हरलोय

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे माहेरवाशिणी झोक्यावर, गडीमाणसं पत्त्यांवर, आणि मी दहा वर्षांचा, पत्त्यात कुणी घेत नाही न् झोक्यावर पोरी बसू देत नाहीत, म्हणून जिभाऊंच्या ओट्यावर. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा न्हाणीघराच्या मोरीत जाऊन पडलेलं, पोटात आमरस न् खापरावरचे मांडे, आणि ओट्याच्या शहाबादी फरशीवर कुणीतरी कधीकाळी खिळ्याने कोरून ठेवलेली नवकाकरी, म्हणजे दोघांनी खड्यांनी खेळायच्या खेळाचा पट. कोणी नवकंकरी म्हणतं, नंदुरबारकडे गेलात तर गुजराती वळणाने नवकांकरी ऐकू येईल, सगळ्याचा अर्थ एकच, नऊ खडे. मोबाईलवर शोधायची असेल तर नाईन मेन्स मॉरिस किंवा मिल या नावाने सापडते, पण माझं ऐका, पहिले वीसेक डाव तरी खऱ्या खड्यांनीच खेळा. मोबाईल तुम्हाला चुकीची चाल करूच देत नाही, त्यामुळे नियम बोटात उतरतच नाहीत.

मी हे लिहायला घेतलं कारण गेल्या सुट्टीत भाचरांना शिकवायला बसलो तर लक्षात आलं की नियम सांगायला पाच मिनिटं लागतात आणि मग पोरं फक्त तीन लावायच्या मागे लागतात, तीन लागले की ओरडतात, समोरच्याचा खडा उचलतात, आणि तरी हरतात. मीपण असाच हरायचो. तर आधी पट काढू, मग नियम, आणि मग जिथे खरा खेळ आहे तिथे जरा जास्त वेळ बसू.

पट काढायला खडू, कोळसा, काहीही चालतं. एकात एक असे तीन चौकोन. बाहेरचा १२ इंचाचा घेतला तर मधला ८ इंच आणि आतला ४ इंच, म्हणजे सगळीकडे दोन दोन इंचाचं अंतर राहतं आणि खडे एकमेकांना चिकटत नाहीत. आता प्रत्येक बाजूच्या बरोबर मध्यावर खूण करा आणि बाहेरच्या चौकोनाचा मध्य, मधल्याचा मध्य, आतल्याचा मध्य असा एका रेषेने जोडा. अशा चार रेषा होतील. झालं. आतल्या चौकोनाच्या पोटात रेघ मारायची नाही, तिथे मोकळं ठेवायचं, मारलेले खडे टाकायला ती जागा कामाला येते. नवीन माणूस हमखास दोन चुका करतो, एक म्हणजे ती मधली रेघ आरपार ओढून फुली करतो, आणि दुसरी म्हणजे कोपऱ्यांना कोपरे तिरके जोडतो. तिरक्या रेघांचा पण खेळ आहे, दक्षिण आफ्रिकेत तो मोराबाराबा म्हणून खेळतात, तिथे प्रत्येकाला १२ खडे असतात आणि त्या खड्यांना ते गायी म्हणतात. मस्त खेळ आहे तो, पण आज आपला नाही.

घरं म्हणजे चौकोनाच्या आतली जागा नाही हं, जिथे रेघा मिळतात तो बिंदू म्हणजे घर. प्रत्येक चौकोनावर आठ, म्हणजे एकूण २४.

खडे प्रत्येकी नऊ, दोन वेगळ्या रंगांचे. आम्ही एका बाजूला चिंचोके न् दुसऱ्या बाजूला कवड्या घ्यायचो. कवड्या नसतील तर चिंचोके फरशीवर घासून एका बाजूने पांढरे करा, छान दिसतात. तूर लहान पडते, बोटात येत नाही. सरकी घेऊ नका, पंखा लागला की अर्धा डाव उडून जातो. शेंगदाणे तर अजिबातच नाही, मारलेला खडा समोरचा खाऊन टाकतो आणि मग किती मारले याच्यावर भांडण.

आता खेळ. तो तीन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात पट रिकामा, दोघांनी आलटून पालटून एकेक खडा रिकाम्या घरात ठेवायचा, नऊ नऊ संपेपर्यंत. दुसऱ्या टप्प्यात आपला एक खडा रेघेवरून शेजारच्या रिकाम्या घरात सरकवायचा, उडी नाही, एकच घर. कोणत्याही टप्प्यात तुमचे तीन खडे एका सरळ रेषेत लागोपाठ आले, की त्याला आम्ही नुसतं 'तीन लागले' म्हणायचो, समोरच्याचा एक खडा उचलायचा. उचललेला खडा परत येत नाही. फक्त एक अट, ज्या खड्याचे तीन लागलेले आहेत त्याला हात लावायचा नाही, आधी बाकीच्यांतला उचलायचा, आणि त्याचे सगळेच खडे तीन-तीनमध्ये बसलेले असतील तरच त्यातला उचलायचा. तीन लागलेली ओळ पुढच्या चालीला मोडून त्याच्या पुढच्या चालीला परत लावली तरी तीन लागले असंच धरायचं, परत एक खडा मारायचा. तिसरा टप्पा म्हणजे कुणाचे तीनच खडे उरले की त्याला उडता येतं, रेघ बिघ काही नाही, पटावर कुठेही रिकाम्या घरात. दोनच उरले की हरला. आणि अजून एक, हे लोक विसरतात आणि माझं सगळं सांगणं याच्यावरच आहे: तुमच्या पाळीला तुम्हाला एकही चाल करता येत नसेल तरी हरलात, मग खडे किती का असेनात.

काही घरांत उडणं चालत नाही, काही घरांत एकाच चालीत दोन ओळी लागल्या तर दोन खडे उचलतात. सुरू करायच्या आधी ठरवून घ्या. आमच्याकडे उडणं होतं आणि दोन ओळी लागल्या तरी खडा एकच.

पुढचं समजायला घरांना नावं द्यावी लागतील, नाहीतर 'तो वरचा डावीकडचा बाहेरचा' करत बसू. वरचा डावा कोपरा १, तिथून घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं, वरचा मध्य २, वरचा उजवा कोपरा ३, उजवा मध्य ४, खालचा उजवा कोपरा ५, खालचा मध्य ६, खालचा डावा कोपरा ७, डावा मध्य ८. बाहेरच्या चौकोनाला ब, मधल्याला म, आतल्याला आ. म्हणजे ब१ हा बाहेरचा वरचा डावा कोपरा आणि आ६ हा आतल्या चौकोनाचा खालचा मध्य. विषम आकडा म्हणजे कोपरा, सम आकडा म्हणजे मध्य, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. खडूने लिहूनच ठेवा पटावर, लाज नाही त्यात.

आता प्रत्येक घरातून किती रस्ते निघतात ते मोजा. कोपरे १२ आहेत आणि प्रत्येकातून दोनच रस्ते. बाहेरच्या आणि आतल्या चौकोनांचे मध्य आठ, त्यांना तीन तीन रस्ते. आणि मधल्या चौकोनाचे चार मध्य, म२, म४, म६, म८, त्यांना चार चार रस्ते. म्हणजे ती चार घरं म्हणजे आपल्या भुसावळ जंक्शनसारखी, कुठूनही या, कुठेही जा. पहिले खडे तिथे ठेवायचे, बहुतेक वेळा तरी. कोपऱ्यात ठेवलेला खडा म्हणजे बोळाच्या तोंडाशी लावलेली गाडी, दोन बाजूंनी दोन जणांनी गाड्या लावल्या की निघत नाही.

पण कोपऱ्याला एक मोह आहे आणि तो मला जिभाऊंच्या ओट्यावर पडला. तो डाव मला चाल न् चाल पाठ आहे. मांडून बघा, माझे चिंचोके, त्यांच्या कवड्या, पहिली पाळी माझी.

मी ब३ ला ठेवला. त्यांनी म४. मी ब७. त्यांनी म६. आता बघा, ब३ न् ब७ पटाच्या पार दोन टोकांना, एकमेकांचा काही संबंध नाही असं वाटतं. मग मी ब१ ला ठेवला, आणि एकदम दोन धमक्या उभ्या राहिल्या, ब२ ला ठेवला तर वरची ओळ लागते आणि ब८ ला ठेवला तर डावी ओळ लागते. समोरच्याला एकच अडवता येते. याला मी कोपऱ्याचा फास म्हणतो आणि नवीन माणसाविरुद्ध हा दर डावाला चालतो. जिभाऊंनी ब२ अडवला, मी ब८ ला ठेवला, तीन लागले, मी एवढ्या जोरात ओरडलो की आत झोपलेल्या काकू उठल्या. तीन लागल्यावर मी त्यांचा म६ वरचा खडा उचलला. का उचलला? जवळ होता म्हणून. हे पण लक्षात ठेवा, याच्यावर परत येऊ.

मग त्यांनी ब६ ला ठेवला. मी ब५ ला ठेवला, कारण ब३ न् ब५ माझे, ब४ मिळाला की परत तीन. त्यांनी ब४ अडवला, आणि अडवता अडवता ब४ न् म४ त्यांचे झाले, म्हणजे आ४ ची धमकी त्यांची, मला आ४ ला ठेवणं भाग. आणि मग ते म८ ला येऊन बसले. बस, एवढंच केलं, आणि खिशातून सुपारी काढून अडकित्त्याने कातरायला लागले.

आता पट बघा. माझे बाहेरचे चारही कोपरे, वर ब८, म्हणजे बाहेरच्या चौकोनावर माझे पाच खडे, त्यात तीन लागलेली एक ओळ. दिसायला राजा मी. आणि ब१ वरून जायला ब२, तिथे ते बसलेत, दुसरीकडे ब८ माझाच. ब३ वरून ब२ न् ब४, दोन्हीकडे ते. ब५ वरून ब४ न् ब६, दोन्हीकडे ते. ब७ वरून ब६ बंद, ब८ माझाच. ब८ वरून म८ बंद. माझे पाच खडे त्यांच्या चार खड्यांनी कुलूप लावून ठेवले. माझी ती तीन लागलेली ओळ आयुष्यात परत उघडणार नव्हती आणि उघडली नाही तर परत लागणारही नव्हती, म्हणजे तिचा उपयोग झाला एकदाच. वरून त्यांचे ब२, ब४, ब६, म८ सगळे सम आकडे, सगळे मध्य.

नऊ नऊ खडे ठेवून झाले तेव्हा माझ्याकडे फिरायला चार खडे होते न् त्यांच्याकडेपण चार, कारण त्यांचा एक मी मारला होता. पण त्यांनी पुढे मधल्या चौकोनात तीन लावले तेव्हा मला शिकण्यासारखं दुसरं घडलं. त्यांना माझा ब३ किंवा ब५ उचलता आला असता, ते तीनमध्ये नव्हते. नाही उचलले. दर वेळी मोकळा फिरणारा खडाच उचलला. अडकलेला खडा मारणं म्हणजे कैद्याला सोडून देणं, त्याच्या जागेवरून शेजारच्याला रस्ता मिळतो. शेवटी माझे पटावर सहा खडे शिल्लक, पाच त्या बाहेरच्या रांगेत आणि एक आतल्या कोपऱ्यात दोन्हीकडून कोंडलेला, पाळी माझी, आणि चाल नाही.

'आते चाल ना भो,' जिभाऊ म्हणाले. मी पटाकडे बघत बसलो. 'तीन लागनात म्हनीसन जितना का तू?'

तर पहिला धडा जो मी भाचरांना घोकून घेतो: खडा ठेवायच्या आधी विचारायचं, याला उद्या बाहेर पडायला वाट आहे का. ठेवायच्या टप्प्यात एखादी ओळ नाही लागली तरी चालेल, समोरच्याने लावली न् आपला एक खडा गेला तरी लगेच रडायचं नाही, आठ मोकळे खडे नऊ अडकलेल्या खड्यांना भारी पडतात. मी साधारण हिशोब ठेवतो की नऊपैकी तीनापेक्षा जास्त खडे कोपऱ्यात नको, आणि चारही मधले मध्य, म२, म४, म६, म८, समोरच्याला कधीच मिळू द्यायचे नाहीत, दोन तरी आपले हवेत.

फास मात्र शिकून घ्या, कारण तो मध्यावरही लागतो आणि तिथला फास अडकत नाही. समजा तुमचे म१ न् ब२ आहेत. म२ ला ठेवलात की म३ ची न् आ२ ची अशा दोन धमक्या एकदम, कारण म२ मधून दोन ओळी जातात, आडवी न् उभी. तर समोरच्याचे दोन खडे असे दिसले की ते ज्या घरात मिळतात ते घर शोधायचं आणि तिथे आपण आधी बसायचं. ब३ न् ब७ दिसले की ब१ न् ब५, दोन्हीकडे नजर ठेवा. ही नजर यायला आठवडाभर लागतो, मग ती जात नाही.

दुसरा टप्पा, म्हणजे सरकवण्याचा, इथे खरी मजा म्हणजे झोका. आखाजीच्या झोक्यावरूनच मी हे नाव ठेवलंय. तुमचे ब१, ब२, ब३ लागलेत, आणि खाली म१ न् म३ पण तुमचेच, म२ रिकामा. आता ब२ वरचा खडा म२ ला सरकवा, मधली ओळ लागली, एक मारा. पुढच्या पाळीला म२ वरचा परत ब२ ला न्या, वरची ओळ लागली, अजून एक मारा. खाली, वर, खाली, वर, दर चालीला एक खडा. जर्मन लोकांत या खेळाला म्यूले म्हणतात, म्हणजे चक्की, आणि या दुहेरी चक्कीला त्स्विकम्यूले, आणि गंमत म्हणजे हाच शब्द ते रोजच्या बोलण्यात 'इकडे आड तिकडे विहीर' अशा अर्थाने वापरतात. एवढा हा झोका लोकांच्या डोक्यात बसलाय.

झोका लागला म्हणजे डाव संपला असं लोक समजतात आणि हात सैल सोडतात. त्यात एक भोक असतं ते बघा. खडा म२ ला असतो तेव्हा ब२ रिकामा, आणि ब२ ला शेजारी कोण, ब१ तुमचा, ब३ तुमचा, म२ तुमचा, तिथे कुणी येऊच शकत नाही. पण खडा वर ब२ ला असतो तेव्हा म२ रिकामा, आणि म२ ला चौथा रस्ता आहे, आ२ कडून. समोरच्याचा खडा आ२ ला असेल तर तो एक घर वर सरकतो आणि झोक्याची दोरीच कापतो. म्हणून झोक्याचा पहिला मार नेहमी त्या भोकाजवळच्या खड्याला, आ२ वाल्याला, मग बाकीचे. आणि तो आ२ वाला तीनमध्ये बसलेला असेल, मारता येत नसेल, तर खडा म२ लाच ठेवून दुसरीकडे चाल करा, घाई काय आहे, तो बिचारा कुठेही जात नाही. उलट तुम्ही मार खाणाऱ्या बाजूला असाल तर सगळं सोडून त्या भोकाशी खडा नेऊन ठेवायचा, आधीच, झोका लागायच्या दोन चाली आधी.

आणि कुणाचा मारायचा, हे. मघाशी म्हटलं ना मी म६ उचलला जवळ होता म्हणून. माझ्या मते हा खेळ अर्धा याच प्रश्नात आहे आणि शिकवणारे हेच शिकवत नाहीत. धमकी अडवून बसलेला खडा आधी बघायचा, मग आपला रस्ता कोंडणारा, मग समोरच्याच्या जुळत आलेल्या जोडीतला. अडकलेला, कोपऱ्यात सडत पडलेला खडा सगळ्यात शेवटी.

आता तिसरा टप्पा, उडण्याचा. इथे जिंकत आलेला माणूस हरतो. समोरच्याचे चार खडे आहेत, तुमच्याकडे सात आहेत, झोका चालूये, तुम्ही खुशीत चौथा मारला आणि त्याचे तीन झाले, म्हणजे आता तो उडतो. तुमच्या झोक्याच्या रिकाम्या घरात तो उडून येऊन बसतो, ज्या घराला वाटच नव्हती त्या ब२ मध्येसुद्धा, कारण त्याला वाट लागतच नाही. वर त्याचे दोन खडे एका ओळीत आले की तिसरा उडून येणार, म्हणजे तुम्हाला दर चालीला ते अडवत बसावं लागणार, आणि तुमचे खडे तर एकेक घर चालणारे. म्हणून चौथा खडा मारायच्या आधी थांबायचं. आधी दोन वेगवेगळ्या जागी धमक्या तयार करा, म्हणजे दोन ठिकाणी दोन दोन खडे ओळीत, तिसरं घर रिकामं, आणि त्या रिकाम्या घराशेजारी सरकायला तुमचा एक खडा तयार. मग चौथा मारा. त्याला एका चालीत एकच जागा अडवता येते. धमकी एकच असेल तर तो ती अडवतो, तुम्ही दुसरी करता, तो ती पण अडवतो, आणि संध्याकाळ होते.

दोघांचेही तीन तीन राहिले तर मग सरळ पळापळ आहे. तिथे परत तो कोपऱ्याचा फास कामाला येतो. तुमचे तीन खडे ब१, ब३, ब७ असे असतील तर ब७ वाला उडून ब२ ला गेला की वरची ओळ, ब३ वाला उडून ब८ ला गेला की डावी ओळ, समोरच्याला एकच अडवता येणार. फक्त त्याआधी त्याचे स्वतःचे दोन ओळीत लागलेले नाहीत ना हे बघा, नाहीतर तुम्ही फास लावेपर्यंत तो तीन लावून मोकळा.

तीच तीच मांडणी परत परत येत असेल तर तिसऱ्यांदा आली की बरोबरी धरायची, आम्ही तर जेवायला हाक आली की बरोबरी धरायचो. बरोबरी म्हणजे काही कमीपणा नाही. १९९३ मध्ये राल्फ गॅसर नावाच्या माणसाने झ्युरिकमध्ये कॉम्प्युटरवर हा खेळ पूर्ण सोडवला, खडे ठेवून झाल्यानंतरच्या साधारण ७६७ कोटी मांडण्या शेवटाकडून मागे मागे मोजत आणल्या, आणि निकाल काय तर दोघांनीही एकही चूक केली नाही तर डाव बरोबरीतच सुटतो. म्हणजे पहिली पाळी मिळाली म्हणून जिंकलास हे कारण कोणी देऊ शकत नाही. आता आपल्यापैकी चुका न करणारा कोण आहे ते सांगा.

पहिल्या पाळीवरून आठवलं, पहिला ठेवणाऱ्याला सुरुवात मिळते पण नववा, सगळ्यात शेवटचा खडा दुसऱ्याचा असतो, म्हणजे ठेवायच्या टप्प्यातला शेवटचा शब्द त्याचा, आणि पहिल्याला लगेच सरकावं लागतं. म्हणून दुसऱ्याने शेवटचा खडा काही झालं तरी घाईत ठेवू नये, पहिल्याचा सगळ्यात मोकळा रस्ता बघून तिथे ठोकावा.

ठेवायच्या नि सरकायच्या टप्प्यांचा कंटाळा आला तर एक बदल करून बघा, इमॅन्युएल लास्कर, जो १८९४ ते १९२१ बुद्धिबळाचा जगज्जेता होता, त्याच्या नावाने ओळखला जाणारा. नऊऐवजी दहा दहा खडे, आणि पहिल्यापासूनच दर पाळीला तुमची मर्जी, नवीन खडा ठेवा नाहीतर ठेवलेला सरकवा. लहान पोरांना हे देऊ नका, गोंधळतात. पण आपल्या बरोबरीचा कुणी असेल, सुरत पॅसेंजरमध्ये समोर बसलेला असेल, तर नंदुरबार कधी येतं कळत नाही. गाडीत मात्र कागदावर पट काढा आणि खड्यांऐवजी बाटल्यांची झाकणं घ्या, एक बाजू उताणी एक पालथी, हलत्या डब्यात चिंचोके टिकत नाहीत.

जुन्या देवळांत, लेण्यांच्या ओसरीत, घाटाच्या पायऱ्यांवर असे पट कोरलेले दिसले तर थांबून बघा, आपल्याकडे महाराष्ट्रभर आहेत. रेघ कोणत्या काळातली हे दगड सांगत नाही, मंदिर बांधणाऱ्या पाथरवटाने जेवणाच्या सुट्टीत मारलेली असेल किंवा गेल्या पिढीतल्या गुराख्याने. बघायची ती जागा. जवळजवळ नेहमी ती सावलीची, दोन माणसं समोरासमोर बसतील एवढी, आणि तिथून गुरं किंवा वाट दिसते.

आता ते राहिलेलं. चार वर्षांपूर्वी आखाजीला गावी गेलो तेव्हा रात्री झोप येईना म्हणून तोच डाव परत मांडला, ब३, म४, ब७, म६, ब१, ब२, ब८, तीन लागले. आणि या वेळी म६ ऐवजी ब२ उचलून बघितला, तो अडवून बसलेला. उचलल्याबरोबर माझे ब१ न् ब३ परत उघडे, ब२ ची धमकी जिवंत, म्हणजे जिभाऊंना परत ब२ लाच खडा ठेवावा लागणार, त्यांची एक पाळी नुसती त्यात गेली. आता पाळी माझी, ब६ रिकामा, ब४ रिकामा. मी ब५. ब३ न् ब५ मध्ये ब४ ची धमकी, ब५ न् ब७ मध्ये ब६ ची धमकी, परत फास. काहीही अडवलं तरी दुसरी ओळ माझी, दुसरा खडा माझा, आणि या वेळी ती ओळ कोंडायला त्यांच्याकडे खडेच नाहीत. मी रात्री साडेअकराला ओट्यावर एकटाच हसलो.

सकाळी जिभाऊंना मांडून दाखवलं. आता त्यांना नीट दिसत नाही, बोटांनी पट चाचपून कोणता खडा कुठे ते समजून घेतात. ब२ वर बोट ठेवून बराच वेळ थांबले. मग म्हणाले, 'मंग तवय काबर नही उचला?' आणि नवीन डावासाठी कवड्या स्वतःकडे ओढून घेतल्या.